एक कप मैदा म्हणजे किती?

केकच्या अमेरिकन कृतीत मैदा कपाने मोजलेला असतो, तर युरोपातल्या कृतीत तोच ग्रॅममध्ये दिलेला असतो. एकातून दुसऱ्यात कसे जायचे? पाण्याच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, म्हणून त्यात जवळजवळ २३७ ग्रॅम पाणी मावते. वस्तुमान म्हणजे आकारमान गुणिले घनता, हे आपण वर्गात शिकवतोच. मग मैद्याची घनता घ्यावी आणि गुणाकार करावा, झाले! पण घोडे पेंड खाते ते इथेच.

मैद्याचे कण बारीक आणि एकमेकांना चिकटणारे असल्यामुळे त्यांच्यात हवेच्या बऱ्याच पोकळ्या राहतात. चाळून अलगद भरला तर कपात ११५ ग्रॅमच्या आसपास मैदा मावतो. तोच ठोकून, दाबून भरला तर दीडशे ग्रॅमपर्यंत जातो. साखरेचे दाणे मोठे आणि सुटे, त्यामुळे ते ठोकूनही फारसे खाली बसत नाहीत. म्हणजे मैद्याची अशी घनता ही केवळ मैद्याची नसते, ती भरणाऱ्या हाताचीही असते. दूध तेवढेच राहिले आणि मैदा पावपटीने वाढला, की केक कोरडा आणि घट्ट होतो.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन घरांत चहाचा कप, अक्रोडाएवढे लोणी अशी मापे चालत. हात बसलेल्या बाईचे त्यावाचून काही अडत नसे. अडचण होती ती नवशिक्यांची. हा प्रश्न फॅनी फार्मर (१८५७-१९१५) या शिक्षिकेने मनावर घेतला. किशोरवयात पक्षाघाताने तिचे शालेय शिक्षण थांबले होते. पुढे ती बॉस्टनच्या पाकशाळेत दाखल झाली, १८८९ मध्ये तिथला अभ्यासक्रम पूर्ण केला आणि काही वर्षांतच शाळेची प्रमुख झाली. १८९६ मध्ये तिचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले.

मापाचा कप काही तिने शोधला नव्हता. तिने कप भरण्याची रीत पक्की केली. मैदा आधी चाळायचा, चमच्याने कपात घालायचा, कप हलवायचा नाही आणि वर आलेला भाग सुरीने सपाट करायचा. सोबत कोष्टक दिले : ४ कप मैदा म्हणजे १ पौंड; साखर २ कप, दाबून भरलेले लोणीही २ कप. पौंडाचे ४५४ ग्रॅम धरले, तर कपाला मैदा ११३ ग्रॅम येतो. हा चाळलेल्या मैद्याचाच आकडा आहे. रीत मोडली तर कोष्टकही खोटे पडते.

स्वयंपाकघरात यामुळे केक बिघडतो. धान्याच्या व्यवहारात माणूस नाडला जातो. आपल्याकडे धान्य मापांनी मोजत : २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. मापाच्या काठावर चढलेला निमुळता ढीग म्हणजे शीग. 'शिगोशीग' हा शब्द त्यातूनच आला. उसने धान्य सपाट मापाने द्यायचे आणि शीग लावून परत घ्यायचे, की पायलीचे नाव न बदलताही व्याज वसूल होते. 'मापात पाप' ते हेच. ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने शीग लावून मोजणेच बंद केले. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली आणि धान्य किलोने विकले जाऊ लागले.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. पाच गटांना एकसारखे पेले द्या आणि 'एक पेला मैदा भरा' एवढेच सांगा. प्रत्येक पेल्यातला मैदा तराजूवर तोला व आकडे फळ्यावर लिहा. मग भरायची रीत मुलांनाच ठरवू द्या आणि पुन्हा तोला. नंतर हाच प्रयोग साखर घेऊन करा. कोणत्या पदार्थाला रीतीची गरज अधिक आणि का, हे मुलांनाच विचारा.