बोर्डिंगमधली भावकी

जून संपत आला की नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या एसटीतून बारावी झालेली पोरे उतरू लागतात. पाठीला बॅग, छातीशी प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये टीसी, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. जातवैधता हाती आली नसेल तर तिच्या अर्जाची पावती. एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्या ओळखीचा एकच माणूस असतो. गावचा नाहीतर तालुक्याचा, दोन वर्षे आधी आलेला, कुठल्यातरी वसतिगृहात राहणारा दादा. तो फाइल उघडतो, कोणता कागद कमी आहे ते सांगतो, कोणत्या खिडकीवर आधी उभे राहायचे ते सांगतो आणि प्रवेशाची यादी लागेपर्यंत आपल्या खोलीत सतरंजी टाकून देतो. हा दादा काही नात्याचा नसतो. तरी विदर्भातल्या कितीतरी घरांचा पहिला पदवीधर अशाच कुणाच्या सतरंजीवरून पुढे गेला आहे.

या दादाचे कूळ शोधायचे तर आधी 'वार' लावून जेवण्याच्या रीतीकडे जावे लागते. शहरात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सात घरे धरायचा. सोमवारचे जेवण एकाकडे, मंगळवारचे दुसऱ्याकडे. एखादा वार मोकळा राहिला तर माधुकरी, नाहीतर उपास. पुण्याच्या पेठांत ही रीत होती तशी नागपूरच्या महालातही होती, आणि तिच्यावर वाढलेली माणसे पुढे शिक्षक, वकील, शास्त्री झाली. वार घालणाऱ्या बायकांचे उपकार थोडे नव्हेत. पण वार मिळायला जात लागायची. शिवाय सात घरी जेवणारा मुलगा सातही दिवस एकटाच पाटावर बसायचा. त्याच्यासारखाच दुसरा मुलगा शेजारच्या आळीत जेवत असला तरी दोघांची पंगत एक नसे. उपकार वरून खाली येत. आडवा हात कुणाचा कुणाला लागत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेजे आली आणि ही व्यवस्था अपुरी पडली. नागपुरात १८८३ साली हिस्लॉप आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज सुरू झाले. विद्यापीठ १९२३ मध्ये आले. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या या शहराकडे आता ज्यांच्या घरी पाटीही नव्हती अशा घरांतून मुले येऊ पाहत होती. त्यांना वार कोण लावणार?

उत्तर कोल्हापुरात तयार झाले. १८९६ साली तिथे राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांना खुले म्हणून वसतिगृह निघाले. पण ते प्रत्यक्षात एकाच जातीच्या मुलांचे होऊन बसले. शाहू महाराजांनी त्यातून धडा घेतला आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. माझ्या मते महाराजांचा हिशेब त्या घडीला बरोबर होता. ज्या मुलाला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, त्याला रात्री तरी आपल्यासारख्यांत मोकळेपणाने चुकता आले पाहिजे. मात्र ही सोय पुढे सवय झाली आणि काही बोर्डिंगांच्या भिंती जातीच्या भिंतीच ठरल्या, हेही खरे.

हाच शाहू राजा १९२० च्या मे अखेरीस नागपुरात आला. अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते आणि तरुण भीमराव आंबेडकर व्यासपीठावर होते. नागपूरची जमीन तोवर बरीच नांगरलेली होती. मोहप्याला जन्मलेले किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ साली नागपुरात मुलींची शाळा काढली होती. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रे चालवली होती. त्यांच्या मागे पैशाचे बळ फारसे नव्हते, पण ऐकणारा समाज होता. त्याचे एक कारण एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नागपूर भागातले महार पिढीजात जाडेभरडे कापड विणणारे. त्यांच्यातल्या अनेकांना गिरणीत काम मिळाले. बलुत्याच्या धान्यातून शाळेची फी निघत नाही, रोख पगारातून निघते. गिरणीच्या पगारानेच इथल्या वस्त्यांत पाटी-पुस्तक आणले. पुढे अस्पृश्य विद्यार्थ्यांचे वसतिगृह नागपुरात उभे राहिले तेव्हा त्याला नाव मिळाले चोखामेळ्याचे. ज्या संताला देवळाच्या पायरीशी थांबावे लागले त्याच्या नावाचे छप्पर कॉलेजात जाणाऱ्या मुलांवर आले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळाही अशीच. विदर्भातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी ती बांधली आणि १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

बाबासाहेबांना वसतिगृहाचे मोल पुस्तकातून कळलेले नव्हते. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर ते आधी हार्टली हॉलमध्ये राहिले, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने. ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली, नागपूरच्या परिषदेनंतर काही आठवड्यांतच बाबासाहेब अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला निघाले, तेव्हा पैसे देणाऱ्यांत शाहू महाराज होते तसे भथेनाही होते. राजाची देणगी आणि खोलीतल्या मित्राचे कर्ज, दोन्हींमधून एक मनुष्य बॅरिस्टर झाला. चरित्रांत पहिली गोष्ट ठळक येते. मला दुसरीही तितकीच मोठी वाटते.

त्याच अमेरिकेत कोलंबियाहून फार दूर नसलेल्या कॉर्नेल विद्यापीठात एक वेगळी भावकी जन्मली होती. १९०५ साली नवे वर्ष उघडले तेव्हा आदल्या वर्षीचे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी परतलेच नाहीत. गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटींत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांत, त्यांना थारा नव्हता. राहायचे कुठे, अभ्यास कुणाशी करायचा, प्रश्नच होता. उरलेल्यांनी एकत्र बसून अभ्यास करायला सुरुवात केली आणि ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी अल्फा फाय अल्फा ही आपली फ्रॅटर्निटी स्थापन केली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग आणि थरगुड मार्शल हे तिचे सभासद झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले होते. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची खबर नव्हती, पण दुखणे एक होते: हुशार मुलगा नापास होऊन गळत नाही, एकटा पडून गळतो.

आपल्याकडे या भावकीने आधी कोणते काम केले ते सोलापुरात दिसते. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये तिथे वसतिगृह उघडले आणि तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. पोटाला दोन वेळचे मिळाल्याबरोबर पोरांना लिहावेसे वाटले, आणि लिहिलेले एकमेकांना दाखवावेसे वाटले. बोर्डिंगची खरी कमाई मला इथे दिसते.

विदर्भात यापुढचे पाऊल पंजाबराव देशमुखांनी टाकले. विलायतेतून परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले ते सर्व जातींच्या मुलांसाठी. हेच पंजाबराव १९२७ साली अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून उभे राहिले होते. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली असेच मिश्र बोर्डिंग काढले. तिथे मुले स्वतः स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत, आणि वेळ आली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून त्यांच्या पोटाची सोय केली. कोल्हापूरने गरज ओळखली, पण अमरावती आणि सातारा मला अधिक जवळचे वाटतात, कारण तिथे दादा परक्या जातीचाही असू शकत होता.

मुलींना हा दादा फार उशिरा मिळाला, आणि ताई तर त्याहून उशिरा. नागपुरात जाईबाई चौधरींनी काढलेल्या शाळेत शिकलेली एक मुलगी, कौसल्या बैसंत्री, १९२६ साली खलाशी लाइनीत जन्मली. आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला. पुढे ती भिडे कन्या शाळेत गेली, तिथे जात लपवत, धास्तावत बसली. ही सारी हकीकत तिने 'दोहरा अभिशाप' या हिंदी आत्मकथनात लिहून ठेवली आहे. तिला बळ मिळाले ते दलित विद्यार्थ्यांच्या संघटनेतून, सभा-अधिवेशनांतून. वसतिगृहाच्या खोलीतून नव्हे. मुलांना मिळालेली रात्रीची चर्चा, उसनी पुस्तके, परीक्षेच्या आदल्या दिवशीचा धीर यांतले फार थोडे तिच्या पिढीच्या मुलींच्या वाट्याला आले.

घरात जागा नसलेल्या पोरांसाठी वस्तीच बोर्डिंग होई. सीताबर्डीच्या महारपुऱ्यात वाढलेले वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन वाचावे. शिकणाऱ्या पोराकडे अख्खी वस्ती कशी लक्ष ठेवते ते त्यात आहे. हेच मून पुढे सरकारी अधिकारी झाले आणि बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांचे खंड त्यांनी संपादित केले. पहिला खंड १९७९ साली निघाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरात विहारे वाढली आणि अनेक विहारांत वाचनालय, अभ्यासिका आली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आज रात्री उशिरापर्यंत तिथे बसतात, आणि नोकरीला लागलेला जुना विद्यार्थी सुटीच्या दिवशी येऊन गणिते सोडवून देतो.

भावकी म्हटली की भांडणही आलेच. सीनियरपणाचा माज नवख्यांनी सोसला आहे, आणि तो इतका वाढला की महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. मदत करणारा दादा आणि छळणारा दादा एकाच मजल्यावर राहत आले आहेत. पण राज्यभरच्या वसतिगृहांत आणखी एक रहिवासी पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, ज्याला मुले प्रेमाने 'पॅरासाइट' म्हणतात. यादीत नाव नसलेला, मित्राच्या खोलीत चोरून राहणारा, एका डब्यात दोघे जेवणारा. किती अधिकारी, प्राध्यापक असे पॅरासाइट म्हणून शिकले याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही.

आता सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. जेवण, निवास आणि इतर खर्चाची रक्कम थेट खात्यात येते. ती हवीच, आणि वेळेवर हवी. पण भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाला पैसे मिळतात, दादा मिळत नाही. तो पुन्हा वाराच्या पाटावर एकटा जाऊन बसतो. ही उणीव ओळखून काम करणारी मंडळीही विदर्भातच निघाली. राजू केंद्रे यांनी २०१७ साली यवतमाळमधून सुरू केलेली एकलव्य ही संस्था घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलामुलींना देशातल्या नामांकित विद्यापीठांच्या आणि परदेशी शिष्यवृत्त्यांच्या अर्जांपर्यंत पोहोचवते, आणि आत गेलेली मुले मागच्यांना हात देतात.

नवी वसतिगृहे बांधणाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. खोल्या वाटताना पहिल्या वर्षाची सगळी मुले एका मजल्यावर आणि शेवटच्या वर्षाची दुसऱ्या मजल्यावर असे करू नका. रॅगिंगवर नजर ठेवायला चांगला रेक्टर नेमा, पण दर चार खोल्यांत एक तरी तिसऱ्या वर्षाचा मुलगा ठेवा, मुलींच्या वसतिगृहात तिसऱ्या वर्षाची मुलगी ठेवा, आणि त्यांनी पहिल्या वर्षाच्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीआधी भरून घ्यावेत, हे त्यांचे काम म्हणून लिहून द्या.