रो ८० : एका मानी इंजिनाची कहाणी

जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य एका परीने तिचा इतिहासही विकत घेत असतो. आधीच्या मालकाने ती कशी हाकली, थंडीच्या सकाळी सुरू करताना किती घाई केली, वंगणाकडे लक्ष दिले की दुर्लक्ष केले, या साऱ्याची नोंद यंत्राच्या पोटात होऊन राहिलेली असते. ती वाचता येणे हीच खरेदीदाराची कसोटी होय. पश्चिम जर्मनीतील नेकारसुल्म या गावी तयार झालेल्या ‘एन.एस.यू. रो ८०’ या मोटारीने ही कसोटी जितकी अवघड करून ठेवली, तितकी फारच थोड्या मोटारींनी केली असेल.

एन.एस.यू. हा कारखाना काही कालचा नव्हता. १८७३ मध्ये विणकामाची यंत्रे बनवण्यापासून त्याचा आरंभ झाला. पुढे सायकली आल्या, १९०१ मध्ये मोटारसायकली आल्या आणि १९५५ च्या सुमारास तर मोटारसायकली बनवणारा जगातील सर्वांत मोठा कारखाना म्हणून त्याचा लौकिक झाला. परंतु युद्धोत्तर जर्मनीत सुबत्ता येऊ लागली तसा लोकांचा ओढा दोन चाकांकडून चार चाकांकडे वळला. एन.एस.यू.ला मोटारींच्या धंद्यात उतरणे भाग पडले. मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी त्यांच्याच हत्यारांनी लढण्याइतके भांडवल जवळ नव्हते. म्हणून दुसऱ्या कोणापाशी नसलेले असे काही हाती असणे त्याला अगत्याचे होते. ते हत्यार फेलिक्स वान्केल यांच्या रूपाने त्याला लाभले.

वान्केल यांचा जन्म १९०२ चा. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती आणि दृष्टी इतकी अधू की मोटार चालवण्याचा परवानाही त्यांनी कधी काढला नाही. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. या धक्क्यांत शक्तीचा अपव्यय होतो, तेव्हा सारे काही फिरतेच का असू नये, हा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. एन.एस.यू.च्या साहाय्याने त्यांचे पहिले चक्राकार इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. त्यात आतला फिरता भाग आणि बाहेरचे कवच, दोन्ही फिरत असत. कारखान्यातील अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर ठेवून त्याला व्यवहारात चालेल असे रूप दिले. हा बदल वान्केल यांना रुचला नाही. पण जगापुढे आले ते पाश्के यांचेच रूप.

या इंजिनाची रचना ऐकायला सोपी आहे. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबवर्तुळाकार कवचात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि कवच यांच्यामध्ये तीन पोकळ्या तयार होतात; फिरता फिरता त्या लहानमोठ्या होतात आणि इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे क्रमाने उरकतात. झडपा नाहीत, हिसका नाही, कंपन जवळजवळ नाही. मात्र त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाशी धातूची एक अरुंद पट्टी बसवलेली असते. एका पोकळीतील वायू दुसरीत जाऊ न देणे हे तिचे काम. ती कवचाच्या भिंतीवर सतत घासत, प्रचंड वेगाने धावते. भिंतीची एक बाजू ज्वलनामुळे नेहमीच तापलेली, तर दुसरी ताज्या इंधनामुळे त्या मानाने थंड. साऱ्या इंजिनाचे भवितव्य या इवल्याशा पट्ट्यांवर अवलंबून होते.

१९६४ मध्ये ‘स्पायडर’ या छोट्या मोटारीत हे इंजिन प्रथम विक्रीस आले आणि १९६७ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात रो ८० अवतरली. क्लाउस लूटे यांनी आखलेला तिचा देह वाऱ्याला वाट करून देणारा, पुढे उतरता व मागे उंच होता. पुढील दोन दशकांतील मोटारींचे रूप त्यात आधीच दिसत होते. पुढच्या चाकांना मिळणारी गती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, ११५ अश्वशक्ती आणि ताशी १८० किलोमीटरांचा वेग, हे सारे पाहून परीक्षक दिपून गेले. १९६८ ची ‘युरोपातील वर्षाची उत्कृष्ट मोटार’ हा मान तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिलीच जर्मन मोटार होती.

आणि मग तक्रारी येऊ लागल्या. कित्येक इंजिने ५० हजार किलोमीटर होण्यापूर्वीच नव्याने बांधावी लागली. काहींनी तर २४ हजारांतच मान टाकली. टोकाची पट्टी तीन तुकड्यांची होती आणि सुरुवातीस तिन्ही तुकडे एकाच धातूचे होते. इंजिन थंड असताना सुरू केले की मधला तुकडा इतरांहून लवकर झिजे. तो झिजला की बाजूचे दोन सैल होत आणि वायूला फट सापडे. म्हणजे लांबच्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीपेक्षा रोज बाजारापर्यंत जाऊन परतणारी, पुरती न तापताच बंद होणारी मोटार अधिक लवकर आजारी पडे.

कारखान्याने आपली हमी मोडली नाही, ही त्याच्या चारित्र्याची गोष्ट. पण तीच त्याला भोवली. गावोगावच्या मिस्त्रींना हे इंजिन अपरिचित होते. तक्रार आली की दोष शोधत बसण्यापेक्षा सबंध इंजिनच बदलून देण्याकडे कल असे. रो ८० चे मालक रस्त्यात समोरासमोर आले की हात हलवण्याऐवजी बोटे दाखवीत. जितकी बोटे तितकी बदललेली इंजिने, असा विनोद तेव्हा रूढ झाला. नव्या मोटारींच्या विकासाचा खर्च आधीच डोईजड झाला होता, त्यात हा भार पडला. १९६९ मध्ये एन.एस.यू.ला फोक्सवॅगनच्या छत्राखाली आउटो युनियनमध्ये विलीन व्हावे लागले.

विशेष हे की १९७० च्या सुमारास मूळ दोष दूर झाला होता. पोलाद आणि टायटॅनियम कार्बाइड यांच्या ‘फेरोटिक’ नावाच्या कठीण मिश्रणाचा मधला तुकडा बसवण्यात आला आणि पट्टी टिकू लागली. परंतु धातू बदलता येतो, नाव इतक्या सहज बदलत नाही. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले, आणि हे इंजिन पेट्रोलच्या बाबतीत उधळे. १९७७ मध्ये उत्पादन थांबले, तेव्हा दहा वर्षांत सदतीस हजारांहून थोड्याच अधिक मोटारी बनल्या होत्या.

येथून पुढचा इतिहास मात्र कारखान्याचा नसून जुन्या मोटारी घेणाऱ्यांचा आहे. दुर्लौकिकामुळे किंमत घसरली होती आणि एकेकाळची श्रीमंती चैन मध्यम मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात आली होती. पण तिची परीक्षा नेहमीच्या रीतीने करून भागत नसे. थंड इंजिन चटकन सुरू झाले म्हणून भुलणाऱ्याची फसगत होई. झिजलेल्या पट्ट्या आपले रूप दाखवीत ते इंजिन पुरते तापवून, बंद करून, पुन्हा सुरू करताना. दाब मोजायचा तर साध्या मापकावर तीन पोकळ्यांपैकी सर्वांत चांगलीचाच आकडा दिसे. तिन्ही वेगवेगळ्या मोजल्यावाचून खरे कळत नसे. ठिणगीच्या यंत्रणेतील किंवा कार्ब्युरेटरमधील किरकोळ बिघाडही इंजिन मेल्याचा आभास निर्माण करी, म्हणून जाणता खरेदीदार आधी प्लग पाही आणि मग निराश होई.

देखभालीची रीतही निराळी होती. पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप मोजके तेल इंधनात मिसळत असे. तेव्हा थोडे तेल जळणे हा दोष नव्हे, तर ठरलेला खुराकच होता. तेल मुळीच कमी होत नाही म्हणून आनंदणाऱ्या मालकाने तो पंप बंद तर पडला नाही ना, हे पाहणे शहाणपणाचे असे. इंजिन तापेपर्यंत त्यावर जोर द्यायचा नाही, जवळच्या फेऱ्या टाळायच्या, आणि आवाज वाढत नाही म्हणून वेग वाढवत राहायचे नाही. कारण हे इंजिन अतिश्रमानेही कुरकुरत नसे. पुढे कारखान्यानेच सावधगिरीची घंटा बसवली. क्लचसाठी पायाखाली पट्टीच नव्हती; गिअरच्या दांड्याच्या मुठीला स्पर्श होताच क्लच आपोआप सुटे. मुठीवर सहज हात विसावण्याची सवय असलेल्या चालकाला ती सवयही सोडावी लागे.

सर्वांनाच हे पथ्य पेलले नाही. कित्येकांनी, विशेषतः ब्रिटनमध्ये, मूळ इंजिन काढून फोर्डचे आखूड व्ही-४ इंजिन बसवले. अरुंद जागेत मावणाऱ्या मोजक्या इंजिनांपैकी ते एक होते. मोटार चालू लागली, पण जिच्या निःशब्दतेची कीर्ती होती तीच आता थरथरू लागली. याउलट ज्यांनी धीर धरला, नव्या पट्ट्या मिळवल्या, क्लब स्थापून सुटे भाग आणि अनुभव यांची देवघेव केली, त्यांच्या हाती हेच इंजिन लाखाहून अधिक किलोमीटर चालल्याचे दिसून आले.

जपानच्या माझदा कारखान्याने १९६१ मध्येच परवाना घेऊन हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. केनिची यामामोटो यांच्या चमूने पट्टीसाठी ॲल्युमिनियम व कार्बन यांचे मिश्रण वापरले, आणि १९९१ मध्ये माझदाच्या चक्राकार इंजिनाने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. म्हणजे कल्पना खोटी नव्हती. ती बाजारात येण्याची वेळ मात्र दोन-तीन वर्षे लवकर आली. त्या घाईची किंमत मोजली ती नेकारसुल्मने. १९७५ मध्ये कारखाना बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा हजारो कामगार शेजारच्या हेलब्रॉनपर्यंत पायी मोर्चाने गेले. कारखाना वाचला आणि आजही तेथे आउडी मोटारी तयार होतात, एन.एस.यू. हे नाव मात्र १९८५ मध्ये कंपनीच्या पाटीवरून पुसले गेले.

नवे यंत्र प्रयोगशाळेत कितीही पारखले, तरी त्याची अखेरची परीक्षा ग्राहकाच्या रोजच्या वापरातच होते. रो ८० च्या पहिल्या मालकांकडून ती परीक्षा नकळत घेतली गेली आणि ते रागावले, यात त्यांचा दोष नव्हता. दुसऱ्या मालकांनी ती जाणून पत्करली. यंत्राचा स्वभाव ओळखून त्याच्याशी वागणाऱ्या या सामान्य माणसांनी, कारखान्याला जे जमले नाही ते, म्हणजे त्या मोटारीचे गेलेले नाव, हळूहळू परत मिळवून दिले.