पत्ता कोणी दिला?

१८ जुलै १९८९, लॉस एंजेलिस. रेबेका शेफर ही २१ वर्षांची अभिनेत्री. बेल वाजली म्हणून तिने दार उघडलं, आणि दारातच तिला गोळी घातली गेली. मारणारा तिचा 'चाहता'.

पत्ता त्याला कुठे मिळाला? चोरी वगैरे काही नाही हो! त्याने एका खाजगी गुप्तहेराला पैसे दिले आणि गुप्तहेराने तो कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्यातून, म्हणजे तिथल्या आरटीओतून, काढून दिला. तेव्हा या नोंदी फी भरून मिळायच्या.

मग १९९४ साली केंद्रीय कायद्याने या नोंदींना कुलूप लागलं. (परवानाधारक गुप्तहेरांना ठरावीक कामांसाठी सूट आजही आहे, बरं का!)

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने आणखी एक कायदा केला. वय दिसलं की कामं जातात, म्हणून कलाकाराने सांगितल्यास आयएमडीबीसारख्या साइटने ते काढायचं. कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, २०२० मध्ये अपिलातही तेच झालं. मला निकाल पटतो. भेदभाव करतात निर्माते, त्यांना धरा ना.

पण पत्त्याचं काय? १९९४ चा कायदा वाहन खात्याच्या नोंदींपुरताच आहे. तोच पत्ता दुसरीकडून गोळा करून विकणाऱ्या साइट्सना तो लागूच होत नाही.