अल्बियन बस (निजामकालीन)

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इथल्या जुन्या मोटारींचा माग काढताना हैदराबादला जावे लागते. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या त्या गाड्यांपैकी १९ आसनांची एक हैदराबादच्या बस भवनात जपली आहे. तिच्या नंबर प्लेटवरील ‘झेड’ हे अक्षर निजामाची आई झहरा बेगम यांच्या नावावरून आले, अशी आख्यायिका आहे. अल्बियनचे बोधचिन्ह उगवत्या सूर्याचे. बीड शहरात रेल्वे २०२५ साली पोहोचली. तोवर प्रवासी वाहतुकीचा मोठा भार बसनेच वाहिला. म्हणून असे एखादे जुने धूड बीडमध्येही जपले जायला हवे.