सेक्टर १२ मधला प्रश्न

चंदीगड म्हटलं की ल कॉर्बुझिए आठवतो, रॉक गार्डन आठवतं. आज आपण त्याच शहरातल्या सेक्टर १२ मध्ये जाणार आहोत, पीजीआय रुग्णालयात. विषय जड आहे. जीव द्यायला निघालेल्या माणसाशी डॉक्टर-नर्सनं कसं वागायचं, हे आपल्याकडे कसं ठरत गेलं?

पीजीआय सुरू झालं १९६२ साली, आणि पुढच्याच वर्षी तिथे डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी मानसोपचार विभाग उभा केला. तोवर मनाचा आजार म्हणजे गावाबाहेरचं, उंच भिंतींचं इस्पितळ, आपल्याकडे येरवडा नाहीतर ठाणे. मुंबई-कोलकात्यात साध्या रुग्णालयातही अशी सोय होती, पण थोडकीच. एकाच छपराखाली विभाग आला की मोठा फरक पडतो. रात्री अपघात विभागात वाचवलेल्या रुग्णापाशी सकाळी मानसोपचारतज्ज्ञ चालत जाऊ शकतो.

विग तिथेच थांबले नाहीत. १९७५ च्या सुमारास हरियाणातल्या रायपूर रानी भागात जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं एक प्रयोग सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि कर्मचारी यांनाच मनाचे आजार ओळखायला शिकवायचं. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमामागे हा अनुभव होता.

पण खाटेवरच्या रुग्णाकडे एक तिसरा माणूसही यायचा, पोलीस! १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३०९. प्रयत्न फसला, जीव वाचला, तर एक वर्षापर्यंत कैद. आता डॉक्टरची पंचाईत बघा. पुढचा धोका जोखायचा तर सगळ्यात मोलाचा प्रश्न असतो, ‘याआधी असं कधी केलं होतं का?’ कारण आधीचा प्रयत्न हीच धोक्याची सगळ्यात ठळक खूण. आणि नेमकं याच प्रश्नाचं खरं उत्तर देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं! मग नातेवाईक सांगणार, ‘चुकून औषध पोटात गेलं.’ केसपेपरवर ‘अपघात’ लिहिलं जाणार आणि माणूस घरी जाणार, तोच त्रास तसाच मनात घेऊन. माझ्या मते या कलमानं कुणाला घाबरवून वाचवलं असेल-नसेल, डॉक्टरचे कान मात्र नक्की बंद केले.

याला पहिला मोठा धक्का आपल्या मुंबईनं दिला. महापालिकेच्या दारात जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या, मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. पण १९९६ साली पंजाबातून आलेल्या ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते पुन्हा वैध केलं. चक्र उलटं फिरलं.

दवाखान्यातलं शहाणपण मात्र पुढे सरकत होतं. विचारलं तर मनात नसलेला विचार भरवला जातो, ही भीती चुकीची निघाली. ‘झोप लागते का’, ‘जगणं नकोसं वाटतं का’ असं हळूहळू जात सरळ विचारायचं, ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंय का?’ बहुतेकांना हलकं वाटतं, कुणीतरी विचारलं म्हणून. मग घातक वस्तू घरातून हलवायच्या, सोबत कोण राहील ते ठरवायचं. माणसाला एकटं सोडायचं नाही.

आणि पुढे संपर्क ठेवायचा. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेनं १,८६७ रुग्णांवर अभ्यास केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याखेरीज तासभर बोलणं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. नेहमीच्या गटात आत्महत्येनं २.२ टक्के गेले, दुसऱ्यात ०.२ टक्के. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. ‘कसे आहात’ एवढं विचारणारा फोन, तोही नऊदा. आज कुणालाही, कधीही १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत बोलता येतं. ही सोय ऑक्टोबर २०२२ पासूनची.

कायद्याला वळायला २०१७ उजाडलं. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली आणि ३०९ गेलं. पण कलम २२६ आलं, सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर अजूनही शिक्षा आहे. महापालिकेच्या दारातल्या त्या शिपायाला आज कुठलं कलम लागलं असतं, यावर वकील मंडळींनी खाली कॉमेंटमध्ये जरूर लिहावं.