शेपटीला पंखा नसलेले हेलिकॉप्टर

फिरत्या खुर्चीवर बसून जड दप्तर झटक्याने उजवीकडे वळवले, की आपण डावीकडे वळतो. हेलिकॉप्टरचेही तसेच. वरचा पंखा फिरला की धड उलट फिरू पाहते. ते थोपवायला शेपटीला छोटा पंखा लागतो. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातील कामोव्ह-२५ ला मात्र तो नाही! त्याचे दोन पंखे एकाच अक्षावर परस्परविरुद्ध फिरतात. त्यामुळे शेपूट आखूड, आणि युद्धनौकेवरच्या लहान जागेत ते मावते.

१९७१ मध्ये पाणबुडीने आपली 'खुक्री' बुडवली. दीडशेहून अधिक नौसैनिक गेले. १९८० मध्ये 'राजपूत' विनाशिकेबरोबर आलेल्या कामोव्हचे काम, पाण्यात सोनार सोडून अशा पाणबुड्या हुडकणे, हेच होते. पुढे कामोव्ह-२८ आले. सहल गोव्याला गेली तर मुलांना आधी शेपूट पाहायला सांगूया.