मोटारीच्या छपरावरील सूर्य

मराठवाड्यांत उन्हाची टंचाई कधींच नव्हती. टंचाई असते ती सावलीची. जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्याचें आष्टी हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. (आष्टी नांवाचीं गांवें बीड व वर्धा जिल्ह्यांतहि आहेत, येथें अभिप्रेत आहे ती परतूरची.) वैशाखांत येथें मोटार घेऊन येणारा मनुष्य प्रथम कडुनिंबाचें झाड शोधतो. अशा गांवीं एखादी मोटार सावली टाळून मुद्दाम भर उन्हांत उभी करावी, कां तर तिचें पोट उन्हावर भरतें, असें कोणी सांगितलें तर ऐकणाऱ्यास तें चमत्कारिक वाटेल. परंतु ही कल्पना आजची नाहीं, आणि तिचा इतिहास श्रोत्यांना मौजेचा वाटेल.

प्रकाश पडला असतां कांहीं पदार्थांपासून वीज मिळूं शकते, ही गोष्ट १८३९ सालीं एदमों बेकरेल या १९ वर्षांच्या फ्रेंच तरुणानें प्रथम पाहिली. १८८३ सालीं अमेरिकेंत चार्ल्स फ्रिट्स यानें सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन सौरघट बनविला. पण पडलेल्या उन्हाचा जेमतेम शंभरावा हिस्सा त्यांत विजेचें रूप घेई. खरोखर कामाचा घट यावयास १९५४ साल उजाडलें. त्या वर्षीं बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पीअर्सन या तिघांनीं सिलिकनचा घट सिद्ध केला आणि तो हिस्सा शेंकडा ६ वर नेला.

पुढच्याच वर्षीं, ३१ ऑगस्ट १९५५ रोजीं, शिकागो येथील प्रदर्शनांत जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यानें सूर्यावर चालणारी मोटार लोकांपुढें आणली. तिची लांबी अवघी १५ इंच! तींत बाहुलीच बसावयाची. परंतु १९६० सालचा प्रयोग आपल्या विषयाच्या गाभ्याशीं जाऊन भिडतो. चार्ल्स एस्कॉफेरी या गृहस्थानें नवी मोटार बांधलीच नाहीं. त्यानें बेकर कंपनीची १९१२ सालची जुनी विजेची मोटार घेतली आणि तिच्या छपरावर २६ चौरस फुटांचें पॅनेल चढविलें. त्यांत १०,६४० घट होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत विजेच्या मोटारी पुष्कळ धावत असत. पुढें पेट्रोलनें त्यांना अडगळींत टाकलें. त्या अडगळींतल्या गाडीस आकाशांतून शिधा मिळावा, हा एस्कॉफेरीचा हेतु. गाडी चालली खरी. पण ती फार वेळ उन्हांत उभी राही आणि थोडाच वेळ धांवे.

यांत सूर्याचा दोष नव्हता. भर दुपारीं एका चौरस मीटरवर सुमारें १००० वॅट इतकें ऊन पडतें. आजचें चांगलें पॅनेल त्यांतील शेंकडा २० हिस्सा विजेंत उतरवितें. मोटारीचें छप्पर मात्र दीड-दोन चौरस मीटरांहून मोठें नसतें, आणि तें वाढवावें म्हटलें तर मोटारच वाढते. म्हणून पुढील शोधकांनीं गाडी हलकी केली. हान्स थोल्स्ट्रप व लॅरी पर्किन्स यांनीं १९८२-८३ मध्यें उन्हावर चालणाऱ्या गाडींतून पर्थ ते सिडनी हा सुमारें ४००० किलोमीटरांचा प्रवास २० दिवसांच्या आंत पुरा केला. १९८७ च्या ऑस्ट्रेलियांतील पहिल्या शर्यतींत जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’नें ताशीं सुमारें ६७ किलोमीटरांची सरासरी गांठली. पण त्या गाड्या म्हणजे चाकांवरचीं पातळ फळकुटें. त्यांतून लग्नाला सहकुटुंब जातां येत नाहीं.

संसारी माणसांच्या गाडींत सौर पॅनेल आलें तें भीत भीत. पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणाऱ्या ‘प्रियस’ या हायब्रिड मोटारीच्या छपरावर टोयोटानें २००९ सालीं पॅनेल बसविलें. काम काय, तर उभ्या गाडींतील उष्ण हवा पंख्यानें बाहेर काढणें. २०१७ सालीं जपानांत आलेल्या प्रियसचें १८० वॅटचें पॅनेल मुख्य बॅटरी भरूं लागलें, तरी दिवसाला फार तर ६ किलोमीटर पदरांत पडत. हॉलंडच्या लाइटइयर कंपनीनें ५ चौरस मीटर पॅनेलची मोटार काढली. तिची किंमत अडीच लाख युरो, आणि जानेवारी २०२३ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. पुढच्याच महिन्यांत जर्मनीच्या सोनो कंपनीनेंहि आपली ‘सिऑन’ मोटार सोडून दिली.

त्याच जानेवारींत पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीनें दिल्लीजवळच्या प्रदर्शनांत ‘ईव्हा’ ही मोटार मांडली. ती दोन मोठीं माणसें व एक मूल एवढ्यांपुरतीच. जानेवारी २०२५ मध्यें तिची किंमत बॅटरी वगळून ३.२५ लाख रुपयांपासून जाहीर झाली. छपरावरील पॅनेल वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत देईल, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे दिवसाला सरासरी ८. हा आंकडा लहान दिसतो, तरी अवास्तव नाहीं. मराठवाड्यांत एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिटांइतकें ऊन पडतें. दीड मीटर छप्पर धरल्यास दीड युनिट वीज होईल. त्यांतून उन्हाची झळ वजा करावी, कारण पॅनेल जितकें तापतें तितकें तें आळसावतें. ६५ अंशांवर त्याचें उत्पादन सातवा हिस्सा तरी घटतें. वर कापसाच्या हंगामांतील धूळ आणि आषाढ-श्रावणाचे ढग आहेतच. आष्टींत शेताला जाऊन परत येण्यास एवढी वीज पुरेल. जालन्यास जाण्यास पुरणार नाहीं.

मग पॅनेल घराच्या पत्र्यावर बसवावें आणि मोटार खालीं सावलींत ठेवावी, हें अधिक शहाणपणाचें नव्हे काय? बहुतांशीं होय. एक किलोवॅटचें पॅनेल दिवसाला सुमारें ४ युनिट देतें, तें दक्षिणेकडे कललेलें ठेवतां येतें, आणि मोटार तापत नाहीं. २०१३ सालीं महिंद्रनें ‘ईटूओ’ या विजेच्या मोटारीबरोबर घरच्या पॅनेलवर बॅटरी भरण्याची ‘सन टू कार’ योजना मांडली होती. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्र सरकार घरावरील एका किलोवॅटला ३०,००० रुपये साहाय्य देतें. अडचण एकच उरते. शिक्षकाची किंवा कारकुनाची मोटार दहा ते पांच कामाच्या जागीं उभी असते. ऊन त्या वेळीं घरच्या पत्र्यावर पडतें, आणि मोटार घरीं येते तेव्हां सूर्य मावळलेला असतो. घरची वीज दिवसा सरकारी तारेंत घालून रात्रीं परत घेतां येते, पण त्या रात्रीं वीजच गेली तर तोहि मार्ग खुंटतो. अशा माणसाला छपरावरचे ते आठ किलोमीटर कोणाच्या तारेवांचून मिळतात, आणि त्यांतून तो निदान दुसऱ्या दिवशीं कामावर पोंचतो.